मुलांना व्हॉलीबॉल खेळता खेळता कसा शिकवावा

नागपूरच्या उन्हाळ्यात मुलांचा सराव सकाळी सहाला सुरू करून आठच्या आत आटोपावा लागतो, आणि हा मोजका वेळ मैदानाच्या फेऱ्यांत किंवा एका चेंडूमागे रांग लावण्यात घालवणे परवडत नाही. ज्या खेळात प्रत्येकाचा हात चेंडूला सतत लागतो, तोच खेळ मुलांना आवडतो.

आधी मापे बदलावीत. १८ बाय ९ मीटरचे मैदान आणि (पुरुषांच्या खेळातले) २.४३ मीटर उंचीचे नेट मोठ्यांसाठी आहे; आठ-दहा वर्षांच्या मुलांना दोन खांबांना बांधलेली दोरी आणि हलका रबरी चेंडू पुरतो, कारण २६० ते २८० ग्रॅमचा खरा चेंडू मनगटावर लागला की मूल पुढच्या वेळी हात आखडते.

पहिले काही दिवस तिघा-तिघांचे गट करून दोरीवरून चेंडू फेकायचा आणि झेलायचा, एवढाच खेळ ठेवावा. यातून चेंडूचा अंदाज घेणे, आधीच जागेवर पोहोचणे आणि ‘माझा!’ म्हणून ओरडणे आपोआप अंगवळणी पडते. मग एकच नियम बदलावा: पहिला चेंडू झेलायचा नाही, जोडलेल्या हातांवर घेऊन खालून वर उडवायचा.

खरी मेहनत आहे ती या अंडरहँड पासची. एका हाताची मूठ दुसऱ्या तळव्यात ठेवावी, अंगठे शेजारी-शेजारी आणि कोपरे सरळ असावीत. बहुतेक मुले हात जोरात झुलवतात आणि चेंडू डोक्यावरून मागे जातो. अशा वेळी मुलाला ओट्याच्या कडेवर बसवून समोरून चेंडू अलगद टाकावा आणि तो हातावर घेत उठायला सांगावे. जोर पायांतून येतो, हे न समजावताही कळते.

त्यानंतर जोडीने, चेंडू न पाडता किती पास होतात ते मोजावे. चुकणाऱ्याला बाद करण्याचे खेळ मात्र टाळावेत, कारण ज्याला सर्वांत जास्त सराव हवा, तोच त्यांत आधी बाहेर बसतो.

ओव्हरहँड पाससाठी, म्हणजे डोक्याच्या वर बोटांनी चेंडू ढकलण्यासाठी, फुगा उत्तम. तो सावकाश उतरतो, त्यामुळे त्याच्याखाली जायला वेळ मिळतो. अर्थात वारा असेल तर हा प्रकार व्हरांड्यातच करावा. सर्व्हिस दोरीपासून तीन-चार मीटरवरून, खालून मारायला शिकवावी आणि पलीकडे जुना टायर ठेवून नेम धरायला लावावा; नेम लागला की एक पाऊल मागे. स्मॅशचा हट्ट पहिल्याच दिवशी होतो, तेव्हा आपण चेंडू उंच धरून मारू द्यावा.

शेवटी तिघा-तिघांचा सामना लावावा आणि दर गुणानंतर जागा बदलाव्यात.