आयटीआय ते मोटर रिवाइंडिंग: खान्देशात हे काम कसं शिकायचं

रावेर, यावल, चोपडा पट्ट्यात ऐन उन्हाळ्यात केळीचं पाणी तुटून चालत नाही. त्यामुळे मार्चपासून रिवाइंडिंगच्या, म्हणजे मोटारीतली जळालेली तार काढून नवी भरण्याच्या, दुकानांत पंपाच्या मोटारींची रांग लागते. काम भरपूर, पण चांगला कारागीर मिळत नाही.

दहावीनंतर आयटीआयचा ऑनलाइन अर्ज भरताना इलेक्ट्रिशियन ट्रेड यादीत सगळ्यात वर टाका. दोन वर्षांचा आहे. वर्षभरात सुटका होते म्हणून दुसरा ट्रेड घेऊ नका. मोटारीचं काम त्यात हाताखालून जात नाही. पुढे अ‍ॅप्रेंटिसशिप, म्हणजे कंपनीत काम करत शिकणं, करा. १९६१ च्या कायद्याने तिथे विद्यावेतन मिळतं. भुसावळची रेल्वे आणि महावितरण या जवळच्या जागा. निवड बहुतेक गुणांवरच होते, तेव्हा थिअरीचा कंटाळा महागात पडतो. मात्र सबमर्सिबल (बोअरच्या पाण्यात बुडून चालणारी मोटर) बांधायला तिथे कोणी शिकवणार नाही, त्यासाठी सुट्टीत दुकानातच बसावं लागतं.

दुकानात पहिली गोष्ट शिका ती जळालेलं वाइंडिंग, म्हणजे मोटारीतली तारेची गुंडाळी, वाचायची. तीन फेजच्या गुंडाळ्या स्टार किंवा डेल्टा अशा दोन पद्धतींनी जोडतात. स्टार जोडणीत दोन फेज काळ्या आणि एक कोरी दिसली, तर सिंगल फेजिंग, म्हणजे लाइनची एक फेज गेलेली असताना मोटर चालली. डेल्टात उलटं: एकच फेज जळते. तिन्ही सारख्या करपल्या असतील तर ओव्हरलोड किंवा कमी व्होल्टेज. एकाच जागी डाग असेल तर टर्न शॉर्ट, म्हणजे तारेचे वेढे आपसात चिकटले. एक फेज गेली की उरलेल्या तारांतून करंट सुमारे पावणेदोनपट होतो. ओव्हरलोड रिले (करंट वाढला की मोटर बंद करणारा) वाढवून ठेवलेला असला की तो ट्रिपच होत नाही. ‘वाइंडिंग चांगलं नव्हतं’ ही तक्रार बऱ्याचदा इथूनच येते.

जुनी तार तोडण्याआधी स्लॉट (तार बसते त्या खाचा), प्रत्येक कॉइलचे टर्न (वेढे), पिच (कॉइल किती खाचा ओलांडते), तारेचा गेज (जाडी) आणि जोडणी वहीत लिहा. काढलेलं तांबं तोलून ठेवा. गेज एक नंबर बारीक घातला की मोटर चालते, पण लोडवर तापते आणि महिन्या-दोन महिन्यांत परत दारात येते. पाणी भरलेल्या सबमर्सिबलला पॉलिवाइंडिंग वायर, म्हणजे प्लास्टिकचं आवरण असलेली तार, लागते. ती ओढताना स्लॉटच्या कडेवर खरचटली तर डोळ्यांना दिसत नाही, मेगरला (इन्सुलेशन मोजायचं मीटर) कळतं. म्हणून वाइंडिंग रात्रभर पाण्यात बुडवून ५०० व्होल्टच्या मेगरने तपासा. नव्या वाइंडिंगला कित्येक मेगाओहम यायला हवेत. १ मेगाओहमच्या खाली आलं तर मोटर देऊच नका, भले शेतकरी ट्रॅक्टर घेऊन दारात उभा असो.

बोअरमध्ये सोडण्याआधी मोटारीत स्वच्छ पाणी भरून हवा काढा, नाहीतर बेअरिंग कोरडं चालून जातं. केबलचा जोड पाण्याच्या बादलीत धरून मेगर लावा. चालू केल्यावर तिन्ही फेजचा करंट टोंग टेस्टरने (तारेभोवती अडकवायचा मीटर) मोजा आणि रिले नेमप्लेटवरच्या अँपिअरवर लावा. शेतकऱ्याने ऑटो स्विच (लाइट आली की मोटर आपोआप चालू करणारा) बसवलेला असेल तर सोबत ड्राय रन प्रिव्हेंटर, म्हणजे पाणी नसलं की मोटर बंद करणारं यंत्र, घ्यायला सांगा. रात्री लाइट आली आणि बोअर कोरडा असला, तर मोटर तशीच फिरत राहते. हे बिलावर लिहून द्या, म्हणजे पुढच्या वेळी वाद होत नाही.