कार्यालयीन नेटवर्कसाठी सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटर कसे घडवावेत

कंपनीत नवा सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटर रुजू झाला की त्याच्या हाती सर्वाधिकारांचा पासवर्ड द्यायचा आणि उरलेले काम करता करता शिकून घ्यायला सांगायचे, ही पद्धत अनेक ठिकाणी रूढ आहे. चालू नेटवर्कवर झालेल्या चुकीची झळ मात्र सगळ्या कार्यालयाला बसते. शिवाय अशा रीतीने शिकलेल्याला नेहमीची कामे जमतात, पण पूर्वी न पाहिलेला बिघाड समोर आला की कोठून सुरुवात करावी हे उमगत नाही. म्हणून प्रशिक्षणाची आखणी करतानाच हे पक्के ठरवावे की प्रशिक्षणार्थीला अनोळखी बिघाडाचे कारण शोधता आले पाहिजे आणि स्वतः केलेला बदल सुखरूप मागे घेता आला पाहिजे. कोणत्या उपकरणावर कोणता आदेश द्यायचा हे माहितीपुस्तिकेत सापडते. या दोन गोष्टी मात्र सरावाशिवाय येत नाहीत.

सुरुवातीला फक्त पाहण्यापुरते अधिकार द्यावेत आणि संपूर्ण नेटवर्कचा नकाशा प्रशिक्षणार्थीलाच काढायला लावावा. रॅकमधील पॅच पॅनेलपासून (सर्व केबली जेथे एकत्र येतात त्या पट्टीपासून) टेबलाखालच्या सॉकेटपर्यंत कोणती केबल कोठे जाते, कोणत्या स्विचवर कोणते व्हीलॅन (एकाच नेटवर्कचे आभासी विभाग) आहेत, फायरवॉलच्या (ये-जा गाळणाऱ्या संरक्षक यंत्रणेच्या) अलीकडे आणि पलीकडे काय आहे, हे त्याने स्वतः शोधून मांडावे. अंतर्गत वापरासाठी राखून ठेवलेल्या आयपी पत्त्यांच्या तीन श्रेणी येथेच समजावून द्याव्यात: १० ने सुरू होणारे सर्व पत्ते, १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचे पत्ते आणि १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते. मधल्या श्रेणीची वरची मर्यादा अनेकांच्या लक्षात राहत नाही, त्यामुळे तिच्यावर थोडा जास्त वेळ द्यावा. नकाशा पूर्ण झाल्यावर तो कार्यालयातील जुन्या आराखड्याशी ताडून पाहावा. दोहोंत जेथे फरक दिसेल, तेथे प्रत्यक्ष जागेवर जाऊन खरे काय ते ठरवावे. आराखड्यावर आंधळा विश्वास ठेवू नये हा धडा यातून आपोआप मिळतो आणि कंपनीकडे अद्ययावत आराखडाही तयार होतो.

यानंतर प्रयोगशाळा उभारावी. वापरातून काढलेले दोन-तीन स्विच आणि पुरेशी मेमरी असलेला एक संगणक एवढे साहित्य पुरते. त्या संगणकावर आभासी यंत्रे (सॉफ्टवेअरने चालणारे वेगळे संगणक) म्हणून एक डोमेन कंट्रोलर (कार्यालयातील खाती आणि लॉगिन सांभाळणारा सर्व्हर), एक लिनक्स सर्व्हर, एक फायरवॉल आणि दोन साधे संगणक चालवता येतात. जुने स्विचही नसतील तर जीएनएस३ किंवा पॅकेट ट्रेसर यांसारख्या नेटवर्कची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर बरेचसे काम भागते. ही प्रयोगशाळा चालू नेटवर्कपासून पूर्णपणे तुटलेली असली पाहिजे, याबाबत कोणतीही सवलत देऊ नये. प्रयोगशाळेतील डीएचसीपी सर्व्हर, म्हणजे संगणकांना आयपी पत्ते वाटणारा सर्व्हर, चुकून खऱ्या नेटवर्कला जोडला गेला, तर तो कार्यालयातील संगणकांना चुकीचे पत्ते वाटू लागतो आणि त्याचा शोध घेण्यात बराच वेळ जातो.

प्रयोगशाळेतील खरे शिक्षण बिघाडांतून घडते. प्रशिक्षकाने प्रशिक्षणार्थीच्या नकळत एखादा दोष निर्माण करावा आणि वापरकर्त्याच्या भाषेत केवळ लक्षण सांगावे, उदाहरणार्थ, ‘इंटरनेट चालत नाही’. विंडोजच्या संगणकावर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर डीएचसीपी सर्व्हरकडून उत्तर आलेले नाही असा त्याचा अर्थ होतो. आयपी पत्ता वापरून सर्व्हर गाठता येतो पण नावाने येत नाही, अशी स्थिती असेल तर संशय डीएनएसकडे, म्हणजे नावावरून आयपी पत्ता शोधून देणाऱ्या सेवेकडे, वळवावा. डोमेनमध्ये लॉगिन होत नसेल आणि पासवर्ड तर बरोबर असेल, तर घड्याळ पाहावे, कारण कर्बेरॉस या ओळख पटवण्याच्या पद्धतीत संगणक आणि डोमेन कंट्रोलर यांच्या वेळेतील फरक ५ मिनिटांहून अधिक झाला की ओळख नाकारली जाते. ही ५ मिनिटांची मर्यादा ॲक्टिव्ह डिरेक्टरीत (विंडोजच्या डोमेन व्यवस्थेत) मुळातच ठरवलेली असते. एकाच केबलची दोन्ही टोके एका साध्या स्विचमध्ये लावून संपूर्ण नेटवर्क कसे ठप्प होते, हेही येथे अवश्य दाखवावे. इथरनेटच्या फ्रेममध्ये (केबलवरून जाणाऱ्या माहितीच्या तुकड्यात) तिचे आयुष्य मर्यादित करणारी कोणतीही नोंद नसते, त्यामुळे ब्रॉडकास्ट (सर्वांना उद्देशून पाठवलेल्या) फ्रेम त्या वर्तुळात फिरत राहतात आणि वाढत जातात. हे डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाला अशी वर्तुळे तोडणारी स्पॅनिंग ट्री ही यंत्रणा कशासाठी असते हे वेगळे पटवावे लागत नाही.

प्रत्येक सरावात शिस्त एकच राहावी. उपकरणाला हात लावण्यापूर्वी प्रशिक्षणार्थीने आपला तर्क लिहून काढावा, तो तपासण्यासाठी एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि तर्क चुकला तर तो बदल पूर्ववत करूनच पुढे जावे. घाईत एकदम चार गोष्टी बदलून सेवा सुरू झाली, तर नेमके काय चुकले होते हे कधीच कळत नाही, आणि तोच दोष पुन्हा उद्भवतो. शक्य तेथे वायरशार्क या सॉफ्टवेअरने नेटवर्कवरून जाणारी पॅकेट पकडून पाहण्याची सवय लावावी. टेलनेट या दूरस्थ लॉगिनच्या जुन्या पद्धतीने पाठवलेला पासवर्ड पडद्यावर जसाच्या तसा वाचता आला, की मजकूर सांकेतिक करून पाठवणारे एसएसएच का वापरायचे यावर व्याख्यान देण्याची गरज उरत नाही.

चालू नेटवर्कवर बदल करण्याचे अधिकार यानंतर आणि टप्प्याटप्प्याने द्यावेत. प्रत्येक बदलाआधी सध्याचे कॉन्फिगरेशन जतन करणे, परतीचा मार्ग लिहून ठेवणे आणि तो दुसऱ्याकडून तपासून घेणे सक्तीचे असावे. डीएनएसमधील नोंद बदलायची असेल तर तिचा टीटीएल (ती नोंद इतर संगणकांनी किती वेळ साठवून ठेवायची तो काळ) आधीच कमी करून ठेवावा, अन्यथा जुना पत्ता लोकांच्या संगणकांवर तासन् तास रेंगाळतो. दूरच्या राउटरवर काम करताना, ठरावीक मिनिटांनी तो आपोआप पुन्हा सुरू होऊन जुन्या जतन केलेल्या कॉन्फिगरेशनवर येईल अशी सोय आधी करावी आणि सर्व सुरळीत आहे हे पाहिल्यावरच ती रद्द करावी. परतीच्या मार्गाचे महत्त्व समजावण्यासाठी ४ ऑक्टोबर २०२१ रोजीची फेसबुकची घटना उपयोगी पडते. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आदेशाने कंपनीच्या डेटा सेंटरांना जोडणारे मुख्य जाळेच तुटले, तो आदेश अडवू शकणाऱ्या तपासणी साधनात दोष होता, त्यापाठोपाठ कंपनीचे डीएनएस सर्व्हर बाहेरच्या जगाला दिसेनासे झाले आणि अभियंत्यांची दूरस्थ साधनेही त्याच जाळ्यावर अवलंबून असल्याने त्यांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये जावे लागले. सेवा सुमारे सहा तास बंद होती. मुख्य नेटवर्क पडले तरी उपकरणांपर्यंत पोहोचण्याची वेगळी वाट आपल्याकडे आहे का, हा प्रश्न प्रशिक्षणार्थीने आपल्या नकाशावर बोट ठेवून सोडवावा.

खात्यांबाबतचे नियम थोडे आहेत, पण त्यांत ढिलाई नको. रोजच्या कामाचे खाते आणि प्रशासकीय खाते वेगळे असावे, प्रशासकीय खात्याला बहुघटक पडताळणी (पासवर्डसोबत ओळखीचा आणखी एक पुरावा) असावी, अधिकार व्यक्तीऐवजी गटाला द्यावेत आणि नोकरी सोडणाऱ्याचे खाते त्याच दिवशी बंद करावे.

बॅकअपचे प्रशिक्षण बॅकअप घेण्यापाशी थांबते तेथे ते अपुरे राहते. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या प्रोग्रामचा कोड साठवणाऱ्या सेवेत एका अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवर आदेश दिल्याने मुख्य डेटाबेस पुसला गेला, आणि बॅकअपचे साधन आणि डेटाबेस यांच्या आवृत्त्या जुळत नसल्याने नियमित बॅकअप होतच नव्हता हे त्यानंतर उघड झाले. सुमारे सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत उपलब्ध होती म्हणून बहुतेक माहिती वाचली. त्यामुळे डेटाच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यांतील एक दुसऱ्या ठिकाणी, हा नियम शिकवतानाच प्रशिक्षणार्थीकडून प्रत्यक्ष पुनर्स्थापना करून घ्यावी: आधी एका फोल्डरची, मग प्रयोगशाळेत संपूर्ण सर्व्हरची, आणि तीही घड्याळ लावून. व्यवस्थापनाने विचारल्यावर ‘सेवा किती वेळात सुरू होईल’ याचे प्रामाणिक उत्तर याच आकड्यावरून देता येते. किमान एक प्रत नेटवर्कपासून पूर्णपणे वेगळी ठेवावी, कारण खंडणीखोर व्हायरस पोहोचता येईल त्या प्रत्येक ठिकाणची माहिती कुलूपबंद करतो.

अखेरची परीक्षा लेखी घेऊ नये. प्रयोगशाळेत पूर्वी न वापरलेला दोष निर्माण करावा आणि प्रशिक्षणार्थी काय करतो याचे निरीक्षण करावे. तो वापरकर्त्याला कोणते प्रश्न विचारतो, काल काय बदलले होते याची चौकशी करतो का, लॉग (यंत्रांनी ठेवलेल्या घडामोडींच्या नोंदी) वाचतो का, तिकिटात (तक्रारीच्या नोंदीत) अशी नोंद ठेवतो का की ती वाचून दुसऱ्याला काम पुढे नेता येईल, आणि मदत वेळेवर मागतो का, यांना दोष दूर करण्याच्या वेगापेक्षा अधिक गुण द्यावेत. यात उत्तीर्ण झालेल्याला आधी दिवसाची आणि त्यानंतर रात्रीची जबाबदारी सोपवावी. रात्रपाळीच्या पहिल्या महिन्यात एक अनुभवी सहकारी फोनवर उपलब्ध राहील, हे त्याला लेखी कळवावे.