जुनं दगडी चर्च जळालं तर चुन्यानेच उभं करा, सिमेंट नको

पहिले टेकू द्या मग साफसफाई, कारण छत जळालं की भिंतींचा वरचा आधार जातो. काजळी आधी कोरड्या ब्रशनेच काढा, पाण्याचा जोरदार फवारा मारला तर ती सांध्यात खोल बसते. काळ्या दगडावर हातोडी हलकी वाजवून बघा, खणखणीत आवाज आला तर ठेवा, बद्द आला तर आतून तडकलाय, बदला. सागाचे सरे म्हणजे छताची आडवी लाकडं काळी दिसली म्हणून लगेच फेकू नका भाऊ, कोळसा तासला की आत बऱ्याचदा चांगलं लाकूड निघतं, पण किती भार घेईल ते इंजिनिअरकडून तपासून घ्या.

आता खरं काम चुन्याचं. कळीचा चुना विझवून पाण्याखाली निदान महिनाभर मुरू द्या, जास्त मुरला तर अजून भारी, विझवताना उकळतो म्हणून चष्मा हातमोजे पाहिजेतच. एक भाग चुना, तीन भाग वाळू, ओल असेल तिथे थोडी वाळू कमी करून सुरखी म्हणजे विटेची भुकटी, आणि चुन्याच्या घाण्यात, म्हणजे दगडी चाक फिरवून चुना मळतात तिथे, मस्त मळून घ्या. सिमेंट दगडातली ओल कोंडून ठेवतं, चुना ती बाहेर सोडतो.

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४५ ला टेकतो, त्यात चुना पकडायच्या आधीच सुकून भुगा होतो, म्हणून दिवाळीनंतर सुरू करून होळीच्या आत दर्जा म्हणजे दगडांमधले सांधे भरून घ्या आणि ओली पोती टांगून ठेवा.

पॅरिसचं नोत्र दाम चर्च २०१९ मध्ये जळालं, तिथेही छताची ओकची लाकडं कुऱ्हाडीने तासली आणि २०२४ च्या डिसेंबरात दारं उघडली. तेव्हा गावातल्या जुन्या सुताराला आणि चुन्याच्या गवंड्याला पहिल्याच मिटिंगला बोलवा, कॉन्ट्रॅक्टर नंतर.