रॅग्नरॉकची कथा नव्याने सांगताना

रॅग्नरॉक म्हणजे नॉर्स पुराणकथांमधला देवांचा आणि जगाचा अंत. त्यासाठी आधी ‘वोलुस्पा’ हे जुने नॉर्स काव्य वाचा, मग स्नोरी स्टुर्लुसनचा १२२०च्या सुमाराचा गद्य एड्डा, म्हणजे याच पुराणकथांचा ग्रंथ. तपशिलांची सरमिसळ मात्र टाळा. काव्यात देवांचा राजा ओडिन याचा मुलगा विदार फेनरिर या महाकाय लांडग्याच्या काळजात तलवार खुपसतो; स्नोरीकडे तो जाड बुटाचा पाय खालच्या जबड्यावर रोवून तोंडच फाडतो. एकच निवडा.

थेट लढाईने सुरुवात केली की कथा फसते, कारण खरी धास्ती हिवाळ्यात आहे: मध्ये उन्हाळा न येता सलग तीन हिवाळे, आणि भाऊ भावाच्या जिवावर उठलेला. मग लांडगे सूर्य-चंद्र गिळतात, फेनरिर सुटतो, मेलेल्यांच्या नखांचे जहाज नागलफार निघते. द्वंद्वे थोडक्यात उरका; पण महासर्पाला मारून थॉर विषाने कोसळण्याआधी जी नऊ पावले चालतो, ती गाळू नका. फ्रेयर हा देव सुर्ट या आगीच्या राक्षसाच्या हातून मरतो, कारण गेर्ड या राक्षसकन्येच्या प्रेमापायी फ्रेयरने तलवार कधीच देऊन टाकलेली असते. हे आधी पेरले नाही तर त्याचे मरण उपरे वाटते.

मार्व्हलच्या २०१७च्या चित्रपटात हेला ही ओडिनची मुलगी. एड्डात मृतांच्या जगावर राज्य करणारी हेल लोकी या कपटी देवाची. असे बदल चालतात. पण जगबुडीवर थांबू नका: पृथ्वी समुद्रातून पुन्हा वर येते, आधी मेलेला देव बाल्डर परततो, लीफ आणि लीफथ्रासिर ही दोन माणसे वाचलेली असतात.