घरच्या माणसांना घेऊन दिवाळी फराळाचा धंदा: हिशेब, वेळापत्रक आणि चकली

घरगुती फराळाचा धंदा पहिल्या वर्षी बहुतेक वेळा नफ्यात दिसतो. सासूबाईंचे हात, जावेची दुपार, नवऱ्याच्या स्कूटरवरचे हेलपाटे आणि मुलांनी चिकटवलेली लेबलं यांची किंमत कुठेच मांडलेली नसते, म्हणून तो तसा दिसतो. दुसऱ्या वर्षी तीच माणसं कुरकुरायला लागतात आणि तिसऱ्या वर्षी धंदा बंद पडतो. म्हणून कढई चढवण्याआधी वही उघडायची.

एक किलो चकलीचा हिशेब असा मांडा. भाव उदाहरणासाठी आहेत, आपल्या गावातल्या किराण्याचे घाला. मिनिटं मात्र आपल्याच घरात घड्याळ लावून मोजा.

भाजणी ७५० ग्रॅम, १२० रुपये किलोने: ९० रुपये
मोहनाचं आणि तळणीत मुरणारं तेल मिळून २५० ग्रॅम, १६० रुपये किलोने: ४० रुपये
तीळ, ओवा, तिखट, हिंग, मीठ: १२ रुपये
गॅस: १२ रुपये
पाकीट आणि लेबल: १६ रुपये

हे झाले १७० रुपये. बहुतेक घरांत हिशेब इथेच थांबतो आणि २८० रुपये किलोचा भाव ठरतो. किलोमागे ११० सुटले असं वाटतं. आता वेळ धरा. कढईत एका वेळी आठ चकल्या मावतात, एक घाणा सहा-सात मिनिटांत निघतो, म्हणजे तासाला नऊ घाणे आणि ७२ चकल्या. एक चकली २० ग्रॅमची धरली तर तासाला दीड किलोच्या आतबाहेर माल. या कामाला दोन माणसं लागतात, एक पाडायला आणि एक तळायला. म्हणजे किलोमागे तळणीतच ८० मिनिटांची मेहनत गेली. भाजणी भाजणं, दळून आणणं, पॅकिंग आणि भांडी यांची आणखी २५ मिनिटं. एकूण १०५ मिनिटं, तासाला १०० रुपये मजुरीने १७५ रुपये. खर्च ३४५ वर गेला. तुटफूट पाच टक्के धरली की ३६२. म्हणजे २८० ला विकलेल्या प्रत्येक किलोमागे घरातल्या बायकांनी ८२ रुपये पदरचे घातले. भाव ४२० ते ४५० च्या खाली परवडत नाही, आणि गिऱ्हाईक तेवढे देत नसेल तर तो पदार्थ यादीतून काढायचा.

मजुरी कागदावर धरून पुरत नाही, ती द्यायची. दर शनिवारी, ज्याच्या त्याच्या खात्यात. 'भाऊबीजेला बघू' म्हटलं की भाऊबीजेला साडी येते, आणि साडी म्हणजे मजुरी नव्हे. दर सगळ्यांना एकच असावा. सासूबाईंना जास्त आणि धाकट्या जावेला कमी, असा फरक केला तर त्याची चर्चा फराळापेक्षा जास्त दिवस टिकते. धंद्याचं बँक खातं वेगळं ठेवा आणि किराणाही वेगळा आणा. घरच्या डब्यातली साखर उसनी घेतली की ती कधीच परत जात नाही, आणि महिनाअखेर घरखर्च का वाढला ते कुणालाच सांगता येत नाही.

नातेवाइकांच्या सवलतीचा नियम पहिल्याच दिवशी ठरवावा. सोपा नियम असा: सवलत कुणालाच नाही. आत्याला द्यायचा असेल तर अख्खा डबा भेट द्या आणि तो वहीत लागत किमतीने घरखर्चात लिहा. दहा टक्के कमी करून आत्याही खूश होत नाही आणि तिच्या शेजारणीलाही तोच भाव द्यावा लागतो. घरचा फराळही पहिल्याच घाण्यातून बाजूला काढून ठेवायचा. लोकांसाठी आख्ख्या चकल्या आणि घरच्यांना तुकडे, असं आठ दिवस चाललं की पोरांना धंद्याचाच राग येतो. तुकड्यांचं वेगळं पाकीट करून कमी भावात विका, चुरा आवडणारी गिऱ्हाइकं भरपूर असतात.

अंदाज ग्रॅममध्ये आणणं

घरातल्या ज्या हाताला चव आहे, त्या हाताला बहुधा माप नसतं. 'मूठभर', 'जरा जास्त', 'पीठ सांगतं' ही भाषा पाच किलोपर्यंत चालते. पुढे रोज चव बदलते, आणि दुसऱ्या कुणाला काम सोपवता येत नाही. त्यांच्या हातात वाटी देऊ नका, त्यांना ते आवडतही नाही. तिखटाचा, तिळाचा, मिठाचा डबा वजनकाट्यावर ठेवा आणि नेहमीसारखं घालू द्या. डब्याचं वजन जितकं कमी झालं तितके ग्रॅम पडले. असं तीन वेळा करून मधला आकडा लिहून भिंतीवर लावा. चव ठरवणारं माणूस घरात एकच असावं. दोघींनी दोनदा मीठ घातलेली उकड कुणीच वाचवू शकत नाही.

भाजणीचं चालणारं प्रमाण: तांदूळ १ किलो, हरभरा डाळ ५०० ग्रॅम, उडीद डाळ २५० ग्रॅम, मूग डाळ २५० ग्रॅम, पोहे १०० ग्रॅम, धणे ५० ग्रॅम, जिरे २५ ग्रॅम. तांदूळ धुऊन सावलीत पूर्ण वाळवायचे. प्रत्येक जिन्नस वेगळा आणि मंद आचेवर भाजायचा, कारण पोहे कुरकुरीत होईपर्यंत डाळ कच्चीच असते. भाजणी करपली किंवा फार भाजली गेली तर पिठाचा चिकटपणा जातो आणि चकली पाडताना तुटते. गिरणीत आपल्या आधी काय दळलं होतं ते विचारा. गव्हावर दळलं तर पहिलं किलोभर पीठ घरच्या वापराला ठेवा.

चार वाट्या भाजणीला तीन वाट्या पाणी उकळायचं, त्यात पाव वाटी तेल, मीठ, तिखट, हिंग, ओवा, तीळ. भाजणी घालून ढवळायचं, झाकून अर्धा तास ठेवायचं, मग कोमट पाण्याच्या हाताने लागेल तेवढंच मळायचं. सगळी उकड एकदम मळून ठेवू नका, शेवटच्या गोळ्यापर्यंत ती सुकते.

बिघाड ओळखायचा तो असा. सोऱ्यातून पडतानाच तुटते: पीठ कोरडं आहे किंवा मळणं कमी झालंय, पाण्याचा हात लावून पुन्हा मळा. तेलात सुटते, विरघळते: मोहन जास्त झालं, कोरडी भाजणी मिसळा. कडक, दाताला लागणारी: मोहन कमी. तळताना छान आणि दुसऱ्या दिवशी मऊ: आच मोठी होती, बाहेरून रंग आला आणि आत ओल राहिली. तेलकट: तेल पुरेसं तापलं नव्हतं, किंवा कढईत एकदम खूप सोडल्या. तेलातले बुडबुडे जवळजवळ थांबले की चकली झाली; रंग बघून काढणारा माणूस हमखास फसतो. आणि मोठा घाणा घालण्याआधी एक चकली तळून, पूर्ण गार करून मोडून बघायची. गरम चकली सगळ्यांचीच चांगली लागते.

तळणीचं तेल फेसाळायला लागलं, चिकट झालं, लवकर धूर सोडायला लागलं की काढून टाका. त्यात नवं तेल ओतून ते सुधारत नाही, उलट नवंही वाया जातं. खवट वासाच्या तक्रारी येतात त्या बहुधा इथूनच, नाहीतर जुन्या शेंगदाण्यांमुळे.

किती घ्यायचं, केव्हा थांबायचं

ऑर्डर घटस्थापनेला सुरू आणि कोजागरीला बंद. कोजागरी ते लक्ष्मीपूजन पंधरा दिवस असतात आणि माल वसुबारसेपर्यंत गिऱ्हाइकाच्या घरी पोचला पाहिजे, म्हणजे हातात बाराच दिवस. चार पदार्थ धरले तर शंकरपाळीला तीन दिवस, चकलीला पाच, चिवड्याला दोन, बेसनाच्या लाडवांना दोन. चकलीच्या पाचांतला एक दिवस राखीव ठेवा, कुणीतरी आजारी पडतंच. चार दिवस, रोज पाच तास, तासाला दीड किलो: ३० किलो. एका शेगडीची चकली एवढीच. एकतिसाव्या किलोला नाही म्हणायचं. 'करू कसंतरी' म्हणून घेतलेली ऑर्डर रात्री एक वाजता, पेंगुळलेल्या माणसाच्या हातून, उकळत्या तेलाशेजारी पुरी होते.

चारच पदार्थ पुरे. अनारसे तर पहिल्या वर्षी घेऊच नका. तांदूळ तीन दिवस रोज पाणी बदलून भिजवायचे, पीठ मुरवायचं, आणि एवढं करून तुपात तो हसला, म्हणजे विरून सुटला, की सगळंच गेलं. घरात अनारशाचा हात असलेलं माणूस असेल तर गोष्ट वेगळी. ओल्या नारळाच्या करंज्याही नकोत, त्या दोन-तीन दिवसांच्या वर टिकत नाहीत.

लाडवांसाठी १ किलो जाडसर बेसन, ५५० ग्रॅम तूप, ७५० ग्रॅम पिठीसाखर. बेसन गरम असताना साखर घातली तर ती पाघळते आणि लाडू बसतो, म्हणून कोमट होऊ द्या. चिवडा नरम पडतो त्याचं कारण पोह्यांइतकंच कढीपत्त्यात आणि मिरचीत असतं. दोन्ही पूर्ण कुरकुरीत झाले नाहीत तर त्यांची ओल पोहे ओढून घेतात. पोहेही चिमटीत चुरले जाईपर्यंत मंद भाजा. कुठलाही पदार्थ पूर्ण गार झाल्याशिवाय पाकिटात भरायचा नाही, आत वाफ धरली तर चांगला मालही मऊ होतो.

फोन घ्यायला माणूस एकच, वही एकच, तिच्या पानांना आकडे घातलेले. नाव, पदार्थ, वजन, न्यायची तारीख, आगाऊ रक्कम. निम्मे पैसे आगाऊ आल्याशिवाय ऑर्डर लिहायची नाही. नवऱ्याने ऑफिसात तोंडी घेतलेली पाच किलो चिवड्याची ऑर्डर वहीत नसेल तर ती नाहीच, असं त्यालाही आधीच सांगून ठेवा.

अन्न परवान्याची नोंदणी 'फॉसकॉस' या सरकारी पोर्टलवर होते. मिळणारा १४ आकडी क्रमांक पाकिटावर छापायचा. सोबत घटक, निव्वळ वजन, किंमत, पॅकिंगची तारीख, किती दिवसांत खावं, पत्ता, फोन आणि हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका. शेंगदाणे आणि गहू यांचा उल्लेख ठळक हवा. घरगुती सिलिंडर धंद्याला वापरायला परवानगी नाही, व्यावसायिक जोडणी घ्या आणि हिशेबातला गॅसचा आकडा त्याच भावाने धरा.

परदेशी पाठवायचा फराळ कोजागरीच्याही आधी निघायला हवा, म्हणून त्याची वही वेगळी. कुरिअर कंपन्या खोक्याच्या आकारावरूनही वजन धरतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून सहसा ५००० ने भागतात. ४० बाय ३० बाय ३० च्या खोक्याचं ते ७.२ किलो भरतं, आत चार किलो चिवडा असला तरी. त्यामुळे परदेशी डब्यात लाडू जास्त आणि चिवडा कमी घाला. चकल्या पाकिटात न घालता उभ्या बरणीत एकावर एक रचा आणि वरची पोकळी कागदाने भरा. तूप-दुधाचे पदार्थ कुठल्या देशात चालतात ते कुरिअरवाल्याकडून लेखी घ्या.

दहा-बारा वर्षांच्या मुलांना कढईजवळ काम नको. शाळा सुटल्यावर तासभर लेबलं, तेवढंच.

पाडव्याला, वहीपूजन झालं की, उरलेला किराणा वजन करून लिहा. सोऱ्या आणि जाळ्या गरम पाण्याने धुऊन, उन्हात खडखडीत वाळवून ठेवा, नाहीतर पुढच्या वर्षी पहिल्या घाण्यालाच खवट वास येतो. उरलेल्या भाजणीची थालीपीठं घरी करायची, आणि तिचे पैसे लागत भावाने घरखर्चातून धंद्याच्या खात्यात भरायचे.