झाडावर दोराने चढताना : गाठ कशी मारावी आणि ढील का ठेवू नये

मृग तोंडावर आला की कोल्हापूरच्या आसपास फांद्या उतरवायची घाई सुरू होते. कौलांवर आलेला आंबा, गोठ्यावर झुकलेली चिंच. गडी वेळेवर मिळत नाही, मिळाला तर कमरेला कासरा गुंडाळून चढतो आणि खाली उभं राहून आपल्यालाच घाम फुटतो. हे काम हार्नेस (कमरेला आणि मांड्यांना बांधायचा पट्टा) आणि दोर घेऊन स्वतः करायचं असेल तर आधी जाणत्या माणसाकडून शिका. कोल्हापुरात गिर्यारोहण करणारी मंडळी पुष्कळ आहेत, गाठी त्यांच्याकडून हातात बसवून घ्या. पहिले काही दिवस डोक्याएवढ्या उंचीच्या वर जायचं नाही.

झाड आणि दोर

फांदीजवळून वीज गेली असेल तर दोर बाजूला ठेवा आणि महावितरणला कळवा. आग्या मोहोळ दिसलं तरी तेच, बेत रद्द. शेवग्याची फांदी कडकन मोडते हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. गुलमोहरही त्याच वळणाचा. चिंच चिवट, पण वाळलेली फांदी चिंचेचीही नको.

दोर म्हणजे गोठ्यातला कासरा नव्हे, आणि बाजारातला निळा-पिवळा प्लास्टिकचा दोरही नव्हे. आत गाभा आणि वर विणलेलं कवच असलेला, ११ ते १३ मिमी जाडीचा दोर घ्या. त्यावर ‘ईएन १८९१, टाइप ए’ असा युरोपीय मानकाचा शिक्का हवा. असा नवा दोर किमान २२ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २२०० किलोचा ताण सोसतो.

बारीक दोरीला वाळूची पिशवी बांधून ती फांदीवरून फेका आणि तिच्या मागून मुख्य दोर ओढून घ्या. फांदी हिरवी, किमान १० सेंमी जाड आणि दोर खोडाला लागून बसलेला हवा. मग दोराचे दोन्ही पदर धरून दोघांनी मिळून खालूनच लोंबकळून बघा. कुरकुर ऐकू आली तर दुसरी फांदी शोधा.

गाठ

गाठ मारली की दोराची ताकद घटते. आठाच्या गाठीत साधारण २० ते २५ टक्के, बोलाइनमध्ये, म्हणजे न आवळणाऱ्या फासाच्या गाठीत, त्याहून थोडी जास्त. तरीही दीड हजार किलोच्या वर ताकद उरते. म्हणजे चांगला दोर तुमच्या वजनाने तुटत नाही. गाठ सुटते, ती खरी भीती.

हे मला आमच्याकडे नारळ उतरवणाऱ्या एका आण्णांनी शिकवलं. मी बोलाइन मारून ऐटीत विचारलं, “आण्णा, झालं न्हवं?” त्यांनी गाठीकडे बघितलंच नाही, उरलेलं टोक चिमटीत धरलं. “शेपूट कुठं हाय हिला?” जेमतेम दोन बोटं उरलं होतं. त्या गाठीला आम्ही वाळूचं पोतं टांगलं, उचललं, सोडलं, पुन्हा उचललं. पंधराएक हिसक्यांनंतर शेपूट आत गेलं आणि पोतं खाली. बोलाइनचा हाच दोष आहे. ताण सतत असला तर ती घट्ट, ताण येत-जात राहिला की सैलावते. म्हणून नवख्याने आठाचीच गाठ मारावी :

१. टोकापासून हातभर अंतरावर दोराचा वेढा करा, टोक मुख्य दोरामागून फिरवून वेढ्यात घाला. आठचा आकडा दिसेल.
२. टोक हार्नेसच्या बांधायच्या जागेतून घ्या. नेमकी कुठून, ते हार्नेसच्या पत्रकात बघा.
३. आता त्याच आठच्या वाटेने, पदराला पदर लावत, टोक उलटं परत न्या.
४. पदर मोजा. समांतर पाच जोड्या दिसल्या पाहिजेत. कुठे एकमेकांवर चढले असतील तर सरळ करा.
५. चारही पदर एकेक करून आवळा. शेपूट दोराच्या जाडीच्या दहापट तरी उरावं. १२ मिमीच्या दोराला १२ सेंमी. मी वीतभर ठेवतो.

सुरगाठ गुरांच्या दाव्याला ठीक. इथे नको.

दोराच्या दुसऱ्या पदरावर प्रुसिक येतो : ८ मिमी दोरीचा फास, तीन वेढे, वेढे एकमेकांवर न चढता. तो कॅराबिनरने, म्हणजे उघडझाप होणाऱ्या धातूच्या कडीने, हार्नेसला जोडा. वजन टाकलं की तो पकडतो, वजन काढलं की हाताने सरकतो. जमिनीपासून फूटभर उंचीवर बसून तो पकडतो का, हे आधी बघा.

ढील

दोर ढिला असेल तर घसरलेला माणूस आधी तेवढा खाली पडतो, मग दोर त्याला थांबवतो. समजा ८० किलोचा माणूस एक मीटर पडला आणि दोराने त्याला १० सेंमीत थांबवलं. सरासरी ओढ निघते ८८० किलो. तालमीतले ८० किलोचे अकरा गडी एकाच वेळी तुमच्या हार्नेसला लोंबकळावेत तशी. आणि ही सरासरी झाली, क्षणाचा झटका याहून मोठा असतो. तोच माणूस ५० सेंमीत थांबला तर ओढ २४० किलो. उंचावर काम करणाऱ्यांच्या, पडण्याचा झटका शोषणाऱ्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरसाठी झटक्याची युरोपीय मर्यादा ६ किलोन्यूटन, म्हणजे साधारण ६०० किलो आहे.

टाइप ए दोर मुद्दाम कमी ताणला जाणारा बनवतात, म्हणून तो पडणाऱ्याला अलगद झेलत नाही. किती पडलात भागिले किती दोर त्या वेळी वापरात होता, याला फॉल फॅक्टर म्हणतात. एक मीटरचा लॅनयार्ड (हार्नेसला जोडलेला आखूड दोर) पायाजवळ अडकवून वर उभे राहिलात आणि घसरलात, तर दोन मीटर पडाल आणि फॅक्टर होईल २. याहून वाईट स्थिती नाही. म्हणून अँकर, म्हणजे दोर जिथे अडकवला ती जागा, कायम डोक्याच्या वर ठेवायचा आणि प्रत्येक पावलाला प्रुसिक वर सरकवत दोर ताणलेला ठेवायचा. फांदीवर आडवं चालताना ढील नकळत साठते, तिथेच थांबून ती काढा.

खाली एक माणूस हवाच, आणि तुम्हाला खाली कसं आणायचं हे त्याला येत असायला हवं. हार्नेसमध्ये निश्चल लटकलेल्या माणसाच्या पायांत रक्त साचतं आणि तो लवकर बेशुद्ध होऊ शकतो.

काम झाल्यावर सगळ्या गाठी सोडा आणि दोर सावलीत वाळवा. जोरात पडणं झेललेला दोर परत वापरू नका, तो मोटेच्या कामाला गेला समजा. आणि दोर ट्रॅक्टरच्या पेटीत बॅटरीशेजारी टाकू नका. ॲसिडने नायलॉन कुजतं आणि वरून त्याचा डागही दिसत नाही.