वर काढलेला पत्रा लगेच खरवडू नका

समुद्राच्या पाण्यात पोलाद कसं गंजतं ते बघायला पहिल्या प्रकल्पात आम्ही गोव्यात जुवारी नदीच्या मुखाजवळ एका जेटीखाली साध्या पोलादाचे पत्रे रॅकवर बसवून बुडवून ठेवले होते. तीन महिन्यांनी रॅक ओढून काढला तर पत्रा दिसतच नव्हता. बार्नकल (खडकांना, जहाजांना चिकटून राहणारे कठीण कवचाचे छोटे जीव), त्यांच्यावर बारकी कालवं, फटींत चिखल. मी रसायनशास्त्रातून आलेली, मला गंज मोजायचा होता. पट्टी घेतली आणि सगळं खरवडून टाकलं. वजनातली घट मिळाली, पण कुठला खड्डा कुणाखाली पडला होता ते कायमचं पुसलं गेलं.

म्हणून नव्याने येणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हेच, की गंज आणि जीवांची वस्ती वेगवेगळी मोजायला जाऊ नका. आपलं पाणी बारा महिने कोमट. नवा पृष्ठभाग मिळाला की काही तासांत त्यावर जिवाणूंचा बुळबुळीत थर धरतो, मग डायटम नावाचं सूक्ष्म शेवाळ, मग बार्नकलच्या अळ्या. थर दाट झाला की खाली ऑक्सिजन पोहोचत नाही आणि सल्फेटवर जगणारे जिवाणू फोफावतात. कवच अलगद उचलून बघा. खाली तांबूस गंज नसतो, काळा ओला लगदा असतो. त्यावर हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब टाकला की कुजक्या अंड्यांचा वास येतो. तो वायू विषारी आहे, मोकळ्या हवेतच करा.

गंज आणि वस्ती यांचं हे नातं इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीला १८२४ मध्येच भोवलं. जहाजांच्या तळाचा तांब्याचा पत्रा झिजू नये म्हणून त्याने त्याला लोखंड आणि जस्त जोडलं. झीज थांबली. पण तांबं विरघळत होतं म्हणूनच जीव तिथे बसत नव्हते. ते थांबताच तळावर वस्ती झाली आणि जहाजं मंदावली.

कामाच्या बारीक गोष्टी कुणी मुद्दाम शिकवत नाही. पत्रे नायलॉनच्या बोल्टने बसवा. स्टेनलेसचा बोल्ट थेट पोलादाला टेकला की गंज त्या जोडामुळे वाढतो आणि आकडा फसवा येतो. रंगाने लिहिलेले नंबर टिकत नाहीत. कडेला खाचा पाडा, शिवाय रॅकचा नकाशा वहीत काढून ठेवा. जाड हातमोजे घाला, बार्नकलची धार हात फाडते. दर फेरीला क्षारता मोजा, कारण पावसाळ्यात खाडीचं पाणी गोडं होतं. जूनमध्ये टाकलेला रॅक नोव्हेंबरच्या रॅकशेजारी ठेवून तुलना करता येत नाही. आणि जायचं ते अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात, पूर्ण ओहोटीला. भांगाच्या, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या दिवसांत पाणी पुरेसं उतरतच नाही.

हिशेब साधा आहे. १०० × १५० × ३ मिमीचा पत्रा सगळ्या बाजूंनी वर्षाला ०.१ मिमी गंजला असं धरलं तर घट जेमतेम २५ ग्रॅम. त्यात चार ग्रॅम कवच चिकटून राहिलं तरी सगळं चुकलं. आम्लात धुताना न गंजलेला एक पत्राही सोबत धुवा आणि त्याची घट वजा करा. पण सरासरीवर विसंबू नका. पाइप फुटतो तो खोल खड्ड्यापाशी.

दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, कराईकुडीची केंद्रीय विद्युतरासायनिक संशोधन संस्था, अंबरनाथची नौदल पदार्थ संशोधन प्रयोगशाळा: या विषयाची नावं ही. जीवशास्त्र, रसायन, धातुशास्त्र, कुठूनही येता येतं.

पुढच्या रॅकला मी आधी दोन्ही बाजूंचे फोटो काढले, शेजारी मोजपट्टी ठेवून. मग एकेक बार्नकल सुटा केला. पत्र्यावर त्याच्या तळाचं पांढरं कडं राहिलं होतं, आणि कड्याच्या बरोबर आत, सुईचं टोक रुतेल असा खड्डा.